नाशिकमध्ये समलिंगी पाहुण्यांसाठी जागा चालवणं: पैशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर धरणाच्या अलीकडे आम्ही दोघं मिळून चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. कुटुंबं येतात, हरिहर-अंजनेरीला निघालेली ट्रेकर मुलं येतात आणि गे-लेस्बियन जोडपीही येतात, कारण 'तुम्ही एकमेकांचे कोण' हा प्रश्न इथे त्यांना कुणी विचारत नाही. पाहुणे, शेजारचे बागायतदार, असाच व्यवसाय सुरू करू पाहणारे लोक फोनवर आम्हाला तेच तेच विचारतात आणि त्यातले बरेच प्रश्न पैशाचे असतात. ते योग्यच आहे. अशा जागा बंद पडतात त्या बहुतेक वेळा भाडं, कमिशन आणि रिकाम्या मंगळवारांमुळे. उत्तरं लांबली आहेत, पण जिथे लांबली आहेत तिथेच खरी अडचण आहे.

हॉटेलं सगळ्यांनाच खोली देतात. मग समलिंगी पाहुण्यांसाठी वेगळी जागा कशाला?

कायदा आमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. राज्यघटनेचं कलम १५(२) हॉटेल, दुकान, उपाहारगृह अशा ठिकाणी लिंगावरून कुणाला अडवू नये असं सांगतं, आणि त्याच निकालात न्यायालयाने लिंगावरून होणाऱ्या भेदभावात लैंगिक कलावरून होणारा भेदभावही धरला आहे.

काउंटरवर मात्र गोष्टी वेगळ्या घडतात. दोन पुरुष मित्र म्हणून गेले तर खोली मिळते. त्यांनी एकच मोठा पलंग मागितला की मॅनेजरचा चेहरा बदलतो. दोघांच्याही आधारवर नाशिकचा पत्ता असेल तर 'लोकल आयडी चालत नाही' हे ठरलेलं वाक्य. असा कुठलाही कायदा नाही, तो त्या हॉटेलचा नियम असतो, पण रात्री नऊ वाजता सीबीएस बसस्थानकाजवळ बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाने वाद तरी कुणाशी घालायचा? जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठपासून सुरुवात करत अविवाहित जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली. स्त्री-पुरुष जोडपं उद्या लग्न करून तो पुरावा आणू शकतं. समलिंगी जोडप्याला तो कधीच आणता येणार नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणून अशा जागांची गरज अजून संपलेली नाही.

गे पर्यटकांकडे भरपूर पैसा असतो असं वाचलं होतं. मग तुमचा धंदा जोरात चालत असेल?

'दोघंही कमावते, मुलंबाळं नाहीत, म्हणून हात सैल' ही कल्पना अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांनी रूढ केली. तिथल्या काही शहरांत काही वर्षं ती थोडीफार खरीही असेल. नाशिकमध्ये तिच्या भरवशावर जागा उघडली तर वर्षभरात कुलूप लागेल.

आमचा पाहुणा कोण असतो? सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर, मेडिकलच्या दुकानात काम करणारा मुलगा, सिन्नरकडच्या शाळेतले सर, मुंबईहून येणारं आयटीतलं जोडपं. शेवटचं सोडलं तर बहुतेक जण आईवडिलांसोबत राहतात, घराचा हप्ता भरतात, बहिणीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकतात. काहींची घरच्यांनी लग्नं लावून दिलेली असतात. त्यांना स्वतःच्या घरात दार लावून बसता येत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी खोली ही चैन नसते. तरीही ती महिन्याच्या पगारातून, घरी हिशेब न कळू देता भरायची असते.

यातून आमच्यासारख्यांवर पहिला दबाव येतो. ज्याला जागेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच दर परवडत नाही. आम्ही दिवसाची खोली कमी दरात देतो, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एरवी रिकामीच राहणारी खोली थोडे पैसे देऊन जाते आणि त्या मुलाला घरी 'ओव्हरटाइम होता' एवढंच सांगावं लागतं. दिवसाची खोली म्हटलं की काही लोकांच्या मनात भलतंच येतं. आमच्याकडे दोघांचीही ओळखपत्रं पाहिली जातात, वय १८ च्या खाली असेल तर प्रवेश नाही, आणि मधूनच तिसरा माणूस येऊन मिसळू शकत नाही.

तीन हजारांच्या खोलीतून तुमच्या हातात किती उरतं?

हा प्रश्न शेजारी विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत सगळे तीन हजार दिसतात. उदाहरण घेऊन सांगतो.

खोलीचा दर ३,००० रुपये. बुकिंगची संकेतस्थळं छोट्या जागांकडून साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. १८ टक्के धरा. नेहमीच्या ग्राहकांना १० टक्के सूट द्या, तरच तुमची जागा यादीत वर दिसेल, असंही सांगितलं जातं. म्हणजे दर झाला २,७००. त्यावर कमिशन ४८६, कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ८७. हातात आले सुमारे २,१२७. दोघांचा नाश्ता, चादरी-टॉवेलची धुलाई, गरम पाणी, साबण, वायफाय यात सहाशे-साडेसहाशे सहज जातात. उरले पावणेपंधराशेच्या आसपास.

आता समजा एखाद्याने चार खोल्यांचा बंगला महिना ४५,००० रुपये भाड्याने घेतला आहे. त्याला नुसतं भाडं काढायला तीस रात्री विकाव्या लागतील. महिन्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या सगळ्या रात्री चारही खोल्या भरल्या तर बहुतेक महिन्यांत होतात ३२ ते ३६. म्हणजे प्रत्येक वीकेंड हाउसफुल गेला तरी मालकाचं भाडं कसंबसं सुटतं. मावशींचा पगार, वीज, प्लंबर, रंग आणि आपलं स्वतःचं पोट हे सगळं रविवार ते गुरुवार या रात्रींवर अवलंबून राहतं. बाहेरच्या माणसाला गर्दीचा शनिवार दिसतो. धंदा जगतो की मरतो ते बुधवारी ठरतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पाहुण्याचा फायदा झाला, आम्हालाही त्याचा आनंद आहे. पण या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, मिळत नाही. गादी घेतली, गिझर बदलला, कमिशनवर कर भरला, तर तो कर आता आपल्याच खिशातून. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्यांना हे क्रेडिट आधीही नव्हतं. संकेतस्थळामार्फत आलेल्या बुकिंगचा कर त्यांच्याऐवजी ते संकेतस्थळच भरतं. नुकती नोंदणी करून मोठ्या दुरुस्त्या काढलेल्या माणसाचं गणित मात्र यात बिघडू शकतं.

मग संकेतस्थळं सोडून थेट बुकिंग का घेत नाही?

घेतो. थेट आलात तर तुम्हालाही दर कमी पडतो आणि आमच्याकडेही जास्त उरतं. पण सगळा व्यवसाय त्यावर चालत नाही, आणि त्याचं कारण आमच्या पाहुण्यांच्या स्वभावात आहे. जो माणूस आयुष्यभर लपून राहिला आहे तो अनोळखी नंबरवर फोन करून 'आम्ही दोघं पुरुष आहोत, चालेल ना?' असं विचारत नाही. तो रात्री एक वाजता मोबाइलवर रिव्ह्यू वाचतो, दोन मुलांनी टाकलेला एखादा फोटो शोधतो आणि कुणाशीही न बोलता बटण दाबतो. त्या न बोलण्याची किंमत म्हणजे ते कमिशन. एअरबीएनबीने २०१६ पासून यजमानांकडून भेदभाव न करण्याची हमी घ्यायला सुरुवात केली, बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये ट्रॅव्हल प्राउड नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. अशा खुणांचा घाबरलेल्या माणसाला आधार वाटतो, हे आम्ही पाहतो.

आम्ही ठरवलेला मार्ग साधा आहे. पहिल्यांदा पाहुणा संकेतस्थळावरून येतो. निघताना त्याला आमचा नंबर मिळतो. दुसऱ्यांदा तो थेट येतो आणि तिसऱ्यांदा मित्राला पाठवतो. हळू चालणारं काम आहे हे. ज्याच्यावर महिन्याच्या पाच तारखेला भाडं भरायची तलवार असते त्याला एवढा धीर धरता येत नाही, आणि तिथेच बऱ्याच चांगल्या जागा मोडतात.

दारावर सप्तरंगी झेंडा किंवा पाटी का नाही?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचे तरुण पाहुणे विचारतात, कधी थोड्या रागाने. त्यांचा राग आम्हाला समजतो.

आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग कुटुंबांकडून येतो. ती कुटुंबं झेंडा पाहून पळून जातील असं आम्हाला वाटत नाही. काही जातील, काही कौतुकही करतील. खरी काळजी आमच्या स्थानिक पाहुण्यांची आहे. नाशिक मोठं झालं तरी ओळखीपाळखीचं गाव आहे. कॉलेज रोडला शिकलेला, इंदिरानगरात राहणारा माणूस गंगापूर रोडवर पाटी लावलेल्या जागेत शिरताना दिसला तर बातमी त्याच्याआधी घरी पोहोचते. पाटी लावली की मुंबईकर पाहुण्याला मोकळं वाटेल, आणि ज्याच्यासाठी हे दार मुळात उघडलं तोच येणं बंद करेल. म्हणून आमची ओळख संकेतस्थळावरच्या मजकुरात, रिव्ह्यूमध्ये आणि फोनवरच्या बोलण्यात आहे. विचारलंत तर आम्ही स्वतः जोडपं आहोत हे सरळ सांगतो.

भाड्याच्या जागेत चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. महाराष्ट्रात बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स'चे, बऱ्याचदा ११ महिन्यांचे. नूतनीकरणाच्या वेळी मालकाला कुणी काही कानात सांगितलं तर तो कारण न देता 'जागा घरातल्यांना लागतेय' म्हणतो. रंगरंगोटी, बाग, फर्निचर यात घातलेला पैसा तिथेच राहतो. नव्याने सुरू करणाऱ्यांना आमचा आग्रह आहे की करार किमान तीन वर्षांचा करा, नोंदवा, व्यवसायाचा उद्देश त्यात स्पष्ट लिहा आणि मालकाला आधीच विश्वासात घ्या. सांगायला धाडस लागतं. आधी नकार आला तर निदान पैसे वाचतात.

कामाला माणसं कशी मिळतात?

आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी पहिल्यापासून आहेत. दोन मुलगे सकाळी एकाच खोलीतून बाहेर आले तर त्या 'चहा साखरेचा का बिनसाखरेचा' एवढंच विचारतात. ही वागणूक कुठल्या प्रशिक्षणातून आलेली नाही. त्यांनी माणसं पाहिली, आणि आम्ही त्यांना वेळेवर, बारा महिने पगार दिला, यातून ती आली.

पैशाचा ताण आला की छोट्या जागा पहिली काटकसर इथेच करतात. कायमची मावशी काढून सीझनपुरता पोरगा ठेवतात. त्याला चार महिन्यांनी जायचंच असतं, म्हणून पाहुण्यांबद्दल काय बोलावं आणि काय नाही हे त्याला महत्त्वाचं वाटत नाही. टपरीवर एक वाक्य निसटतं आणि वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास जातो. महिन्याकाठी वाचलेले आठ-दहा हजार अशा जागेला सगळ्यात महाग पडतात. आमच्याकडे दर वाढले त्याचं एक कारण हा बारमाही पगार आहे, आणि तो आम्ही कमी करणार नाही.

नाशिकचा सीझन नेमका कोणता?

जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी, वायनरींमध्ये गर्दी, थंडी अजून टिकून असते. सुला वायनरी १९९९ मध्ये सुरू झाली आणि नाशिकला तीर्थक्षेत्रापलीकडे जाऊन वीकेंडचं ठिकाण म्हणून ओळख मिळाली, त्याचा फायदा आमच्यासारख्या प्रत्येकाला झाला. तिचा सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव २०२० नंतर खंडित झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत आला. त्या दोन दिवसांच्या आजूबाजूला धरणापासून शहरापर्यंत खोली मिळत नाही.

एप्रिल-मे कोरडे. जून ते सप्टेंबर इगतपुरी, भावली, त्र्यंबक, अंजनेरी हिरवंगार होतं आणि पावसाळी गर्दी येते, पण तीही शनिवार-रविवारचीच. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला माणसांचा पूर असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा बरं. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे मुंबईचा पाहुणा लवकर पोहोचतो. पण लवकर पोहोचणारा लवकर परतही जातो. दोन रात्री राहणारा पाहुणा एका रात्रीवर आला, चादरी मात्र तेवढ्याच धुवाव्या लागतात.

कुंभमेळ्यात तुमची चांदी होईल, नाही का?

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होतो. अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. त्या काळात शहरातल्या प्रत्येक खोलीला मागणी राहील यात शंका नाही.

आमची काळजी वेगळी आहे. दर पाचपट मिळत असेल तर कुठलाही मालक तीन वर्षांचा करार मोडायचा विचार करेल. गर्दीच्या काळात पोलीस पडताळणी कडक असते आणि ती असायलाच हवी. पण वारंवार नावं-पत्ते लिहून द्यायचे म्हटलं की आमचा स्थानिक पाहुणा त्या महिन्यांत येणारच नाही. आणि तीर्थयात्रेसाठी आलेल्या मोठ्या कुटुंबाला अख्खं घर एकदम दिलं की मोकळेपणाने बसायला येणाऱ्या जोडप्याला जागाच उरत नाही. जागा भरलेल्या असतील, गल्ला भरलेला असेल, आणि नेहमीचे पाहुणे तुटलेले असतील. कुंभ संपल्यावर यात्रेकरू परत जातात. तुटलेला पाहुणा मात्र आपोआप परत येत नाही.

म्हणून आम्ही असं ठरवलं आहे: त्या काळातही एक खोली जुन्या पाहुण्यांसाठी जुन्या दराने राखून ठेवायची. बाकीच्या तीन खोल्यांतून जास्तीचे जे मिळेल ते कर्जात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तरतुदीत टाकायचं. यात्रेकरूंबद्दल आमच्या मनात आदर आहे, आम्हीही गोदावरीकाठचेच आहोत. त्यांच्याकडून अव्वाच्या सव्वा दर घेणं आम्हाला पटत नाही.

दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मिळून हा व्यवसाय करायला निघाले तर बँक कर्ज देते का?

देते, पण रस्ता लांबचा. नवरा-बायको असते तर सहकर्जदार म्हणून दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. आमच्यासारख्यांचं नातं कागदावर नाही, त्यामुळे बँकेसाठी आम्ही फक्त दोन मित्र किंवा दोन भागीदार. वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार करा असं सुचवलं जातं. ज्याच्या घरच्यांनी बोलणंच टाकलं आहे त्याने काय करायचं?

नातं बाजूला ठेवून व्यवसाय म्हणूनच कागद करा. दोघांची भागीदारी संस्था काढता येते, पण तिच्यात एक धोका आहे: दोनच भागीदार असतील आणि त्यातला एक गेला तर संस्था विसर्जित होते. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, भागीदाराच्या मृत्यूनंतरही कायम राहते, फक्त सहा महिन्यांत दुसरा भागीदार घ्यावा लागतो. वर्षाचा अनुपालन खर्च थोडा जास्त, पण आमच्या परिस्थितीत तो करावा. मुद्रा योजनेतून १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. त्याच योजनेच्या 'तरुण' गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी मर्यादा २० लाख झाली आहे. व्यवसायाची मालकी स्त्रियांकडे असेल तर राज्याच्या महिलांसाठीच्या 'आई' पर्यटन धोरणातली व्याजाची सवलत जरूर पाहा. लेस्बियन जोडप्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण तिथे कुणी नात्याचा पुरावा मागत नाही, मालकी पाहिली जाते.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. शाखेत जाताना त्याची प्रत सोबत ठेवा.

आता दोन गोष्टी, ज्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. जोडीदाराने आपली बचत तुमच्या नावावरच्या घराच्या दुरुस्तीसाठी दिली, तर आयकर कायद्याच्या नजरेत तो 'नातेवाईक' नसतो. वर्षात ५०,००० रुपयांच्या वरची भेट करपात्र ठरू शकते. पती-पत्नींना ही चिंता नसते. या भेदाला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत असा पैसा भांडवल किंवा लेखी कर्ज म्हणूनच दाखवा. दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हिस्सा जन्माच्या कुटुंबाकडे जातो, जोडीदाराकडे काही येत नाही. वीस वर्षं एकत्र राबून उभी केलेली जागा तेराव्याच्या आत रिकामी करावी लागू शकते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. आज संध्याकाळी लिहायला बसा.

दादा, माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. अवकाळीने दोन हंगाम गेले. दोन खोल्या बांधून असे पाहुणे घेतले तर चालेल का?

चालेल, आणि तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर असलेल्या शेतकऱ्याला नोंदणी करता येते. पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र असलं की बँकेतही बोलणं सोपं होतं.

पण फक्त गे पाहुण्यांच्या भरवशावर खोल्या बांधू नका. बाग पाहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी बांधा आणि दार सगळ्यांना सारखं उघडं ठेवा. वेगळं असं काही करावं लागत नाही. 'सोबत कोण' हे खोदून विचारायचं नाही, मोठा पलंग मागितला तर द्यायचा, जेवायला वाढताना टक लावून बघायचं नाही. घरातल्या मोठ्यांशी आधी बोला. तुम्हाला पटलं आणि वडिलांना पटलं नाही, तर त्रास पाहुण्याला होईल. कर्ज काढाल ते पाहुण्यांच्या उत्पन्नावर फिटेल एवढंच काढा. द्राक्षाच्या पैशावर त्याचा हप्ता धरू नका. यंदाचा माल कसा निघेल हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

वाईन मिळते का?

आम्ही विकत नाही, आमच्याकडे परवाना नाही. वायनरीतून आणलेली बाटली खोलीत घेता येते, वय २१ पूर्ण हवं.

परदेशात अशा जागांचं काय झालं?

की वेस्ट, प्रॉव्हिन्सटाउन, पाम स्प्रिंग्ज या अमेरिकेतल्या गावांमध्ये फक्त समलिंगी पाहुण्यांची छोटी गेस्टहाउसं एकेकाळी भरपूर होती. त्यांच्यामुळे पडीक गल्ल्यांना रंग आला, जागांच्या किमती चढल्या, आणि चढलेल्या किमतीत ती गेस्टहाउसंच टिकली नाहीत. मालक म्हातारे झाले, घर विकलं तर आयुष्याची बेगमी होत होती, त्यांनी विकलं. तोवर मोठ्या हॉटेलांनी समलिंगी ग्राहकांचं स्वागत सुरू केलं होतं आणि माणसं भेटायला मोबाइल ॲप आली होती. मान्यता वाढली तशी वेगळ्या जागेची निकड कमी झाली. त्यात दुःख मानायचं कारण नाही.

आमच्याकडे मात्र उलट्या क्रमाने घडतंय याची धास्ती वाटते. गंगापूर रोडचे भाव आजच चढले आहेत, ॲप आली आहेत, आणि मान्यता अजून वाटेत आहे. शिवाय ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना पर्याय आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. सवलतीचं विमान तिकीट मिळालं तर मुंबईचं जोडपं चार दिवस बँकॉकला हातात हात घालून फिरतं. त्यांनी जावंच. मागे उरतो तो, ज्याच्याकडे पासपोर्ट नाही आणि रविवारी संध्याकाळी घरी पोहोचायचं आहे. त्याच्यासाठी इथली जागा टिकायला हवी.

माझ्या ओळखपत्राच्या झेरॉक्सचं काय होतं? घरी कळेल का?

नोंदवहीत नाव लिहावंच लागतं, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत सी फॉर्म भरावा लागतो. पण आधारची पूर्ण प्रत आम्ही मागत नाही. शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' चालतं. प्रती कुलपात राहतात, फोटो कुणाच्या मोबाइलवर ठेवत नाही. पैसे यूपीआयने दिलेत तर मेसेजमध्ये आमच्या संस्थेचं साधं नाव येतं, त्यात होमस्टे, हॉटेल असा शब्द नाही. रोख दिलेत तरी पावती मिळेल. डेटिंग ॲपवरून ओळख काढून नंतर पैशासाठी धमकावणारे लोक असतात. असं काही झालं तर पैसे देऊ नका, ११२ ला फोन करा. संमतीचं नातं हा गुन्हा नाही. खंडणी मागणं हा गुन्हा आहे.

तृतीयपंथी पाहुण्यांना खोली मिळते?

हो, त्याच दराने. २०१९ च्या कायद्याने निवास आणि सेवा नाकारायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी दिली असती.

आम्ही मुंबईहून पहिल्यांदाच येतोय. कधी आलो तर तुम्हालाही मदत होईल?

मंगळवार ते गुरुवार. घरून काम करण्याची मुभा असेल तर लॅपटॉप घेऊन या, वायफाय चांगलं आहे आणि सलग तीन रात्रींसाठी दर कमी लावतो. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरलेला असतो, धरण भरलेलं असतं आणि वायनरीतही निवांत बसता येतं. पंचवटी एक्स्प्रेसने आलात तर नाशिक रोडला उतरा. तिथून आमच्या ओळखीचे रिक्षावाले काका घ्यायला येतात, फोटो काढण्यासाठी वाटेत सोमेश्वरला दहा मिनिटं थांबायला ते तयार असतात. बेत रद्द झाला तर दोन दिवस आधी कळवा, पूर्ण पैसे परत करतो. आणि आवडलं तर चार ओळींचा रिव्ह्यू मराठीत लिहा, कारण पुढचा घाबरलेला पाहुणा तोच शोधत असतो.